नवव्या धक्क्यावरची तक्रार

१२ जानेवारी

चिवे,

आशीर्वाद आधी, बाकीचं मागून. तू माझी पत्रं वाचतेस की नाही ठाऊक नाही. पण ती परत येत नाहीत, तेव्हा पत्ता बरोबर आहे एवढं धरून चालते.

तुझा संगणक मी भंगारात घातलेला नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण बाबांनी तुला फोनवर "आईने तुझी खोली आवरायला काढलीय" असं सांगितलेलं मी ऐकलं. स्वयंपाकघरातून ऐकू येतं. तुझा फोन आला की मी भांडी घासायला घेते, आणि आवाज न करता घासते.

भंगारवाला आला होता हे खरं. त्याने वरचं आच्छादन काढलं (जुन्या पडद्याचं मीच शिवलेलं), यंत्र हातात तोललं आणि म्हणाला, "वजनावर घेतो." वजनावर! ज्याच्यापुढे बसून माझ्या पोरीने पाठ वाकडी करून घेतली ते वजनावर द्यायचं? त्याच्या हातात वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला आणि वाटेला लावला.

मग यंत्र पिशवीत घालून दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेलं. पोस्टाच्या मागे त्यांचं दुकान आहे. चाळिशीच्या आहेत, चष्मा कायम कपाळावर आणि तोच शोधत असतात. त्यांनी उघडून पाहिलं.

"यंत्र ठणठणीत आहे, काकू. पण यातलं विंडोज फार जुनं आहे, आणि नवं याला पेलवणार नाही. लिनक्स घालून देऊ? त्याला पैसे पडत नाहीत."

"फुकट? आणि पुढे?"

"पुढेही फुकट."

"मग ते करणारे खातात काय?"

"जगभरची माणसं आपापलं कामधाम सांभाळून हे करतात. एकाचं चुकलं तर दुसरा दुरुस्त करतो, आणि सगळ्यांना वाटून टाकतात."

याला आम्ही सेवा म्हणतो, चिवे. मला ते लिनक्स तिथेच पटलं. एक गोष्ट तर फारच आवडली. त्यात हुकूम लिहायची एक काळी खिडकी असते, तिच्यात पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही. पहिल्यांदा वाटलं कळफलक बिघडला. बाई म्हणाल्या, नाही, ते तसंच असतं, तुम्ही लिहीत राहा. जपाचंही असंच नाही का? उमटत काही नाही, पण पोचतं.

तर आता त्यावर मी घराचा जमाखर्च लिहिते. एवढंच. दुसरं काही नाही.

आणि त्या दिवसाबद्दल आता शेवटचं लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. खोलीतून बाहेर पडताना दिवे-पंखे बंद करत जायची माझी सवय तुला माहीत आहे. सवयीने हात तुझ्या संगणकाच्या बटणाकडेही गेला. तू तुझं सगळं काम एका डिस्कवरून दुसरीवर हलवत होतीस, हे मला कुठून कळणार? तुझं तीन महिन्यांचं काम गेलं, आणि आठवड्याने तूही गेलीस. चार वर्षं झाली. असो.

बाबा बरे आहेत. तू जेवणाची वेळ सांभाळ.

तुझी आई


४ फेब्रुवारी

चिवे,

मागच्या पत्रात "दुसरं काही नाही" असं लिहिलं, ते खोटं होतं. वहीत चुकीची नोंद झाली की मी ती खोडत नाही, खाली दुरुस्ती लिहिते. तसंच हे.

मी तुमचा खेळ खेळते.

तू आणि तुझ्या दोन सोबत्यांनी, तुम्ही तिघांनी मिळून केलेला नावेचा खेळ बाजारात आला, हे बाबांनीच सांगितलं. सांगून झाल्यावर दोन दिवस माझ्याकडे असे बघत होते, जणू पातेलं उतू जायची वाट बघतायत. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "अहो, घ्या तो विकत. एक." ते म्हणाले, "अगं, एकच लागतो."

पण खेळ तुमचा विंडोजवर चालणारा, आणि आमच्याकडे लिनक्स. दाबलं की काहीच व्हायचं नाही. परत बाईंचं दुकान गाठलं. त्या म्हणाल्या, यावर उपाय आहे. मध्ये एक दुभाष्या बसवायचा. खेळ विंडोजच्या भाषेत काही मागेल ते तो लिनक्सला त्याच्या भाषेत सांगेल, आणि खेळाला वाटेल आपण आपल्याच घरात आहोत.

"म्हणजे सासरी आणायचं आणि माहेरच आहे म्हणून सांगायचं."

बाई हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. मग म्हणाल्या, "पण त्याचं नाव तुम्हाला आवडायचं नाही, काकू." नाव वाईन! देवाशपथ. मी ज्या घरात आले त्या घरात तिचा थेंब कधी आला नाही आणि आता पोरीच्या खोलीत? मी विचारलं, नाव बदलता येतं का. येत होतं. पडद्यावर आता "सरबत" असं लिहिलेलं आहे. देवाला सांगून ठेवलं की आत काय आहे ते तुला माहीतच आहे.

आणि मग, चिवे, दुपारी तीन वाजता तो चालू झाला.

काय गं ते पाणी! मी नुसती बघतच राहिले. अर्धा तास मी नाव सोडलीच नाही, काठावर उभी राहून पाणी बघत होते. बाबा म्हणाले, "अगं, उतारू खोळंबलेत." मग सोडली. ती थेट खडकावर. दुसऱ्यांदाही खडकावर. बाबा मागे खुर्ची ओढून बसले आणि "डावीकडे, डावीकडे!" सुरू केलं. मी म्हटलं, "लग्नाला अडतीस वर्षं झाली, अजून तुमची डावी बाजू मला कळलेली नाही. हातवारे करा." आता ते मागून हातवारे करतात, आणि मला ते दिसत नाहीत.

तिसऱ्या दिवशी दोन धक्के पार केले. धक्क्याला नाव लावायची, माणसं उतरवायची, नवी घ्यायची, नाव कलली तर सामान इकडचं तिकडे करायचं, आणि धक्क्यावरचे तीन दिवे लावून पुढे निघायचं. ते सामान लावणं मला झकास जमतं. तीस वर्षं छोट्या कपाटात मोठा संसार बसवलाय. बाबा म्हणाले, "तू तर जन्माचीच नावाडी." तुझ्या बाबांनी मला असं काही म्हटल्याची ही दुसरी वेळ. पहिली कुठली ते मी सांगणार नाही.

सकाळची प्रार्थना, स्वयंपाक, झाकपाक, मग नाव. दोन तास. घड्याळ लावून.

तुझी आई


२६ फेब्रुवारी

चिवे,

"घड्याळ लावून" हे खोटं होतं. परवा साडेपाच वाजले.

आम्ही नवव्या धक्क्यावर अडकलोय. तिथे एक म्हातारी आहे. मी दिवा लावला की ती येऊन फुंकते. दुसरा लावला, तोही फुंकते. पदर खोचलेला, कपाळाला आठी, चाल अशी तुरतुर. बाबा तिला पाहून खोकल्याचं सोंग करून बाहेर गेले. बाहेर जाऊन हसत होते. मला ऐकू येतं.

चिवे, ती मी आहे ना?

मला राग आला नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा आला, आणि मी उठून कपडे घडी करून आले. मग परत बसले आणि नीट पाहिलं. हातातल्या बांगड्यासुद्धा मोजून दोन-दोन. कोणी एवढं बारीक पाहून केलंय याचं मला कसंसंच झालं. गोड कसंसं. पण एक चूक आहे. ती म्हातारी एक शब्द बोलत नाही. आता ती मी असेन, तर मला गप्प बसलेलं कोणी कधी पाहिलंय?

ते असो. अडचण वेगळीच आहे. तिने तिसरा दिवा फुंकला की सगळा खेळ गोठतो. पाणी थांबतं, नाव थांबते, बाण हलत नाही. दर वेळी. बाई म्हणाल्या विंडोजवर असं होत नाही, त्यांनी त्यांच्या दुसऱ्या यंत्रावर खेळून पाहिलं. आमच्या लिनक्सवरच होतं. म्हणजे मी माझ्यापाशीच अडकले बघ. मला ओलांडून पुढे जाता येत नाही मलाच.

कोणीतरी तुमच्या तक्रारींच्या पानावर हे कळवलं आहे असं ऐकते. कोणीतरी लिनक्सवालं असेल.

तुझी आई


१७ मार्च

चिवे,

दुरुस्ती. "कोणीतरी" म्हणजे मीच.

"एक गिऱ्हाईक" या नावाने तुमच्या पानावर मी लिहिते. तुमच्या तिघांत आपली भाषा एकट्या तुलाच येते, म्हणजे उत्तर देणारी तूच असणार हे ठाऊक असून लिहिलं. चार वर्षं माझ्या एका पत्राला तुझं उत्तर नाही, आणि गिऱ्हाइकाच्या तक्रारीला दोन दिवसांत! तू लिहिलंस, "आपल्या तक्रारीबद्दल आभारी आहोत. आपला संगणक किती जुना आहे?" मी ते बाबांना तीनदा वाचून दाखवलं. मला "आपण" म्हणतेय म्हटलं, बघा, वळण कसं लागलंय.

मी उत्तर दिलं, संगणक माझ्या मुलीचा आहे, जपून वापरते. तू विचारलंस, गोठण्याआधी नेमकं काय दाबलं? मग मी वहीच काढली. तारीख, किती वाजता, नाव कुठल्या बाजूला कललेली, कितवा दिवा, कुठलं बटण, गोठल्यावर पंख्याचा आवाज वाढला की नाही. अकरा वेळा गोठलं, अकरा ओळी. खाली "आपण वेळेवर जेवत असाल अशी आशा आहे" असंही लिहिलं. तक्रारीत तसं लिहीत नाहीत का? मला वाटलं कोणीही लिहील.

तू लिहिलंस, "इतकी व्यवस्थित तक्रार आम्हाला आजवर कोणी पाठवली नव्हती." चिवे, मॅट्रिकच्या निकालानंतर इतकं सुख मला कागदावर लिहिलेलं कधी मिळालं नव्हतं. बाबा म्हणाले, "आता तरी नाव सांग." मी म्हटलं, नाव सांगितलं आणि उत्तरं बंद झाली म्हणजे? मला गिऱ्हाईक म्हणून तरी राहू द्या.

पण काल बारावी वेळ झाली, म्हणून हे लिहायला बसले.

आठवा धक्का पुन्हा नव्याने करत होते. सगळं सामान असं बसवलं होतं की नाव पाण्यावर घासून पुसून ठेवलेल्या ताटासारखी सरळ. दोन तास लागले. नवव्यावर आले, गोठलं, आणि या वेळी परत चालू केलं तर आठव्याचं काहीच नाही. सगळं गेलं. दोन तासांचं. मी खुर्चीत बसून रडले. साठीला आलेली बाई खेळातल्या पेट्यांसाठी रडते! बाबा घाबरून पाणी घेऊन आले.

दोन तास, चिवे. तुझे तीन महिने होते.

म्हणून सगळ्यात मोठी दुरुस्ती आता करते. त्या दिवशी माझा हात सवयीने गेला नव्हता. तू आंघोळीला गेली होतीस. पडद्यावर ती हिरवी पट्टी हळूहळू भरत होती, मी पाहिली. काहीतरी हलतंय, मध्येच बंद करायचं नाही, एवढं मला कळलं होतं. पण तू पक्की नोकरी सोडून दिवसभर त्या पडद्यात बघत होतीस, माझ्याकडे मान वर करून बघत नव्हतीस. वाटलं, हे बंद पडलं तर पोरगी परत नोकरीला जाईल. मी भिंतीवरचं बटण दाबलं. मुद्दाम. आणि चार वर्षं देवासमोरही "सवयीने" असंच म्हणत आले.

क्षमा माग म्हणून मला कोणी सांगितलेलं नाही. मला मागायची आहे. मी चुकले, बाळा.

आता हे वाचून तू गिऱ्हाइकालाही उत्तर देणार नाहीस, हे धरून चालते. तरी पाठवते.

आई


९ एप्रिल

चिवे,

हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत तू इकडे निघायच्या तयारीत असशील कदाचित. तरी लिहिते, कारण हातात लेखणी धरल्याशिवाय मला इतका आनंद आवरत नाही.

तीन आठवडे तुमच्या पानावर काही आलं नाही. रोज दुपारी उघडायचे, बंद करायचे. बाबा हातवारे न करता नुसते मागे बसायचे. मी त्यांना म्हटलं, "गिऱ्हाईकही गेलं हो." ते म्हणाले, "थांब जरा. चिवीच ती. तिला वेळ लागतो, पण ती सोडत नाही, चिवट आहे, म्हणून तर नाव चिवी."

आणि सोमवारी उत्तर आलं. "आपल्या तक्रारीबद्दल" नाही, "आभारी आहोत" नाही. मी पाठ केलंय:

"आई, तक्रार अशी लिहायची नसते. वेळेवर जेवता का असं गिऱ्हाईक विचारत नाही. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. नवव्या धक्क्याचं गोठणं दुरुस्त केलंय, चूक आमचीच होती, तुझ्या लिनक्सची नाही. उतरवून घे. आणि दिवे लावत बसू नकोस. म्हातारीला विचार."

चार वर्षांनी माझ्यावर कोणीतरी खेकसलं, चिवे! मी उठून देवाजवळ गेले, आणि तशीच हात जोडून हसत उभी राहिले. बाबा नाक शिंकरत होते. म्हणे धूळ आहे. माझ्या घरात धूळ!

मग खेळ लावला. नववा धक्का. म्हातारी आली, पदर खोचून. माझा हात दिव्याकडे गेला, मागे घेतला. तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि बोलायचं बटण दाबलं. बारा वेळा तिथे गेले होते मी, चिवे, आणि एकदाही ते बटण दाबलं नव्हतं. तिला कोणी "येतेस का नावेत?" म्हणून विचारायचं एवढंच होतं. ती पिशवी उचलून तयारच. बसली, नाव बदकन तिच्या बाजूला कलली (इतकी जड मी नाही, ते तेवढं बघ), आणि मागे वळून पाहिलं तर तिन्ही दिवे आपोआप लागलेले. बाबा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले. शेजारची मास्तरीण दार वाजवून विचारायला आली, काय झालं. मी म्हटलं, नववा धक्का पार झाला. ती म्हणाली, बरं.

मग तू बाबांच्या फोनवर फोन केलास आणि मी भांडी घासायला गेले नाही. तुझा आवाज जाड झालाय गं. मी म्हटलं, म्हातारी गप्प का ठेवलीस? तू म्हणालीस:

"तू सवयीने बटणं बंद करतेस तेव्हा तोंडाने चालूच असतं तुझं. 'कोणाला काही पडलेली नाही, मीच एकटी मेली.' न्हाणीघरात ऐकू येतं. त्या दिवशी बटणाचा आवाज आला आणि तू गप्प होतीस. मला तेव्हाच कळलं होतं, आई."

"मग चार वर्षं बोलली का नाहीस?"

"तू सवयीने म्हणत होतीस ना, प्रत्येक पत्रात. म्हटलं खरं लिहील तेव्हा बघू."

मी पदराने बाबांचा फोनच पुसायला घेतला. तूच म्हणालीस, "आई, आहेस का?" मी म्हटलं, आहे. तू म्हणालीस, "आमच्या पुढच्या खेळाला लिनक्सवर कोणीतरी नीट खेळून बघणारं हवंय. अकरा-अकरा ओळी लिहिणारं." मी म्हटलं, दुपारी तीन ते पाच जमेल. तू म्हणालीस, "साडेपाच जमतात, बाबा सांगत होते." घरभेदे आहेत तुझे बाबा.

रविवारी येतेस, सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीने जाशील, काम फार आहे, असं म्हणालीस. आणि फोन ठेवताना बजावलंस की तू येईपर्यंत मी संगणकाला हात लावायचा नाही, लिनक्सचं मोठं अपडेट आलंय, ते जुन्या यंत्रावर करायचं नसतं, अडकलं तर निस्तरायला दोन-तीन दिवस जातात.

ते मी नीट ऐकलं. दोन-तीन दिवस.

आज सकाळी प्रार्थना झाल्यावर मी आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. माझा जमाखर्च, नावेचा खेळ, तू सोडून गेलेलं तुझं जे काही होतं ते सगळं. ती हिरवी पट्टी पूर्ण भरेपर्यंत हात मांडीवर ठेवून समोर बसून राहिले, बाबांना पंख्याच्या बटणाकडेही जाऊ दिलं नाही. डिस्क काढून कपाटात ठेवली. मग काळी खिडकी उघडली, पासवर्ड लिहिला आणि अपडेट केलं.

पडदा काळा आहे. काहीच उमटत नाही. बाईंना मी मुद्दामच बोलावलेलं नाही.

सवयीने झालं असं लिहिणार नाही. कपडे चार दिवसांचे घेऊन ये.

आई